सरडे, पाळीव : आहारकालीन आक्रमकता

पाळलेला सरडा अन्न दिसताच किंवा अन्नाचा वास येताच पाळणाऱ्याच्या हातावर अथवा सोबतच्या दुसऱ्या सरड्यावर झडप घालतो, तेव्हा त्या वर्तनास आहारकालीन आक्रमकता म्हणतात. घरात नव्याने आणलेल्या प्राण्यात ते विशेष जाणवते. ‘आक्रमकता’ ही संज्ञा रूढ झाली असली, तरी ती नेमकी नाही. या वर्तनात राग किंवा वर्चस्वाची इच्छा नसते. भक्ष्य पकडण्याची स्वाभाविक क्रिया चुकीच्या वस्तूवर घडते, इतकेच. हा भेद ध्यानात न आल्यामुळे प्राण्याला ‘माजलेला’ ठरवून मारणे, उपाशी ठेवणे किंवा दूर रानात नेऊन सोडणे असे उपाय योजले जातात. पहिल्या दोहोंनी वर्तन अधिकच बिघडते. तिसरा उपाय तर दुहेरी घातक आहे. कारण परक्या भूमीत सोडलेला प्राणी एकतर मरतो किंवा तेथे फोफावून उपद्रवी ठरतो. अमेरिकेतील फ्लॉरिडात आणि तैवानमध्ये हिरव्या इग्वानाच्या बाबतीत यांपैकी दुसरी गोष्ट घडून आली आहे.

इतर प्रकारच्या आक्रमक वर्तनापासून हे वर्तन ओळखून काढणे हे पहिले काम होय. भ्यालेला सरडा अंग फुगवितो, तोंड उघडून फूत्कार टाकतो, शेपटीचा फटकारा मारतो आणि निसटण्याची वाट शोधतो. विणीच्या हंगामातील नर मान वरखाली हालवितो व गळ्याखालची त्वचेची झालर पसरून दाखवितो. हिरवा इग्वाना शाकाहारी असूनही त्याचे प्रौढ नर या काळात चावतात. त्याचा अन्नाशी संबंध नसतो आणि अन्न वाढविल्याने ते चावणे थांबतही नाही. भुकेलेला सरडा याच्या अगदी उलट वागतो. तो आवाज करीत नाही व अंग फुगवीत नाही. हालणाऱ्या वस्तूवर नजर खिळवून, जीभ भराभर आतबाहेर करीत पुढे सरकतो आणि एकाएकी झडप घालतो. शांत दिसणारा प्राणी सुरक्षित समजून हात पुढे केला जातो तो नेमका याच वेळी.

या वर्तनाचे मूळ सरड्याच्या ज्ञानेंद्रियांत आहे. पुष्कळ जाती भक्ष्य हालचालीवरून ओळखतात; स्थिर किड्याकडे त्यांचे लक्षही जात नाही. घोरपडीसारख्या प्राण्यांची जीभ सापाप्रमाणे दुभंगलेली असून ती हवेतील व जमिनीवरील गंधकण टिपून टाळूतील जॅकबसन यांच्या अंगाकडे (गंध ओळखणाऱ्या साहाय्यक इंद्रियाकडे) पोहोचविते. कोंबडीचे मांस, अंडे किंवा मासळी हाताळलेला हात धुतल्यावाचून पिंजऱ्यात गेला, तर त्या प्राण्याच्या दृष्टीने तो हात नसून हालणारे भक्ष्यच असते.

दुसरे कारण शिकण्याचे आहे. रशियन शरीरक्रियावैज्ञानिक इव्हान पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांत दाखवून दिलेले अभिसंधान (एका संवेदनेची दुसरीशी जडलेली सांगड) सरीसृपांतही घडते. पिंजऱ्याचे दार उघडले व हात आत आला की प्रत्येक वेळी किडा मिळतो, असे काही दिवस घडल्यास दार आणि हात याच अन्नाच्या खुणा बनतात. म्हणजे ही सवय बहुतांशी पाळणाऱ्यानेच लावलेली असते. सरीसृप मंदबुद्धी असतात ही समजूत आता टिकण्यासारखी नाही. आफ्रिकेतील व्हॅरॅनस आल्बिग्युलॅरिस या घोरपडीच्या पिलांनी झाकण लावलेल्या पारदर्शक नळीतील उंदीर मिळविण्याची युक्ती थोड्याच मिनिटांत साधली, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. २०११ मधील प्रयोगात व्हॅरॅनस रूडिकॉलिस या जातीच्या घोरपडी दोन खुणांमधला फरक शिकल्या आणि खुणांचा अर्थ उलटविल्यावर नवा अर्थही शिकल्या. चुकीची सवय मोडता येते, याला यापेक्षा चांगला आधार नाही.

हिंगोली जिल्ह्यात या विषयाला आणखी एक बाजू आहे. कयाधू, पूर्णा व पैनगंगा यांच्या खोऱ्यांतील शेतांच्या बांधांवर, नाल्यांच्या काठी आणि जुन्या दगडी भिंतींच्या फटींत घोरपडीला राहण्याजोगी जागा भरपूर आहे. हिचे शास्त्रीय नाव व्हॅरॅनस बेंगालेन्सिस असून शेपटीसह लांबी सु. १७५ सेंमी.पर्यंत भरते. कीटक, खेकडे, बेडूक, अंडी, लहान पक्षी व मेलेले प्राणी असा तिचा आहार असतो आणि तो शोधण्यासाठी ती दिवसभर भटकते. खुराड्यातील अंड्यांसाठी आलेली घोरपड पकडून ती माणसाळविण्याचा मोह होणे शक्य आहे. सिंहगडाच्या १६७० मधील लढाईसंबंधीच्या यशवंती घोरपडीच्या आख्यायिकेने तर हा प्राणी शिकविता येतो अशी लोकसमजूत दृढ केली आहे. आख्यायिकेतील दोराची गोष्ट इतिहासकार मानीत नाहीत. घोरपडीची नख्यांची पकड मात्र खरोखरच चिवट असते. परंतु मुख्य मुद्दा वेगळा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या जातीचा समावेश असल्यामुळे तिला पकडणे अथवा पाळणे हा गुन्हा आहे. त्यास तीन ते सात वर्षांची कैद व किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. घरात शिरलेल्या घोरपडीची सूचना वन विभागास (दूरध्वनी १९२६) द्यावी. पिंजऱ्यातील रानघोरपडीची ‘आक्रमकता’ कमी कशी करावी, या प्रश्नाला दुसरे उत्तर नाही.

यामुळे पुढील विवेचन विदेशी जातींपुरते आहे. दाढीवाला सरडा (पोगोना व्हिटिसेप्स), बिबट्या पाल (युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस) व हिरवा इग्वाना (इग्वाना इग्वाना) या त्यांतील अधिक परिचित होत. १९७२ च्या अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली असून वन्य जातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतील प्राणी बाळगणाऱ्यास त्यांची नोंदणी करावी लागते. हिरवा इग्वाना या प्राण्यांत मोडतो. खरेदीपूर्वी कागदपत्रांची खातरजमा करणे इष्ट होय.

नवा प्राणी आणल्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे त्याला हातात घेऊ नये. प्रवासाच्या व जागाबदलाच्या ताणामुळे काही सरडे अन्न नाकारतात आणि स्थिरावल्यावर एकदम अधाशीपणे खाऊ लागतात. यामुळे ‘आणला तेव्हा गरीब होता, आता बिघडला’ असा गैरसमज होतो. दुकानात अपुरे खाणे मिळालेली किंवा दाटीत वाढलेली पिले विशेष अधाशी असतात. दाढीवाल्या सरड्याची पिले एकत्र ठेवल्यास एकमेकांच्या पायांची बोटे व शेपटीची टोके चावून तोडतात. त्यांना वेगळे ठेवणे हाच उपाय आहे.

अन्नाचे वेळापत्रक वयानुसार असावे. दाढीवाल्या सरड्याच्या वाढत्या पिलांना रोज किडे लागतात. प्रौढांना आठवड्यातून दोनतीनदा किडे व रोज पालेभाजी पुरते. प्रौढ बिबट्या पालीला दोनतीन दिवसांआड खाणे दिले तरी चालते. भूक मोडावी म्हणून भरमसाट खाऊ घालणे चुकीचे आहे. त्यामुळे झडप घालणे थांबत नाही, चरबी मात्र वाढते. रातकिडे, नाकतोडे इ. किडे कॅल्शियमाच्या भुकटीत घोळवून द्यावेत. शेतातून पकडून आणलेले किडे टाळावेत. जिल्ह्यातील सोयाबीन व कापूस यांच्या पिकांवर कीटकनाशके फवारली जातात आणि अर्धमेला नाकतोडा सरड्याला सहज सापडतो. अशा एका घासाने विषबाधा होऊ शकते.

उष्णतेकडे बहुधा दुर्लक्ष होते. सरड्याच्या शरीराचे तापमान परिसरावर अवलंबून असल्याने पुरेशी ऊब नसेल, तर पोटातील अन्न पचत नाही. दाढीवाल्या सरड्यासाठी पिंजऱ्याच्या एका टोकाला सु. ४०° से. तापमानाची ऊन खाण्याची जागा आणि दुसऱ्या टोकाला २५° ते २८° से. तापमानाची थंड जागा असावी लागते. मराठवाड्यातील हिवाळी रात्री पारा १०°-१२° से.पर्यंत उतरतो, तर मे महिन्यात तो ४२° से.च्या वर जातो. म्हणजे एका ऋतूत दिवा आवश्यक, तर दुसऱ्यात उन्हात ठेवलेली काचेची पेटी प्राणघातक. सरडा सकाळी तासदीड तास ऊबेत बसल्यानंतर त्याला खाऊ घालावे. पेटीची सफाई त्यापूर्वी, तो अजून थंड व सुस्त असताना उरकून घेणे शहाणपणाचे होय. थंडीत वीजपुरवठा बराच वेळ खंडित झाला असेल, तर त्या दिवशी अन्न न देणे बरे.

व्यवस्थापनाचा गाभा म्हणजे हात आणि अन्न यांची ताटातूट. अन्न बोटांनी कधीही देऊ नये; बोथट टोकाच्या लांब चिमट्याने किंवा थाळीत द्यावे. अन्न पुढे करून मागे घेण्याचा खेळ मुलांना गंमतीचा वाटतो, पण त्यातून झडप अधिक जोरकस करण्याचेच शिक्षण मिळते. प्राणिसंग्रहालयांत वापरली जाणारी लक्ष्य-पद्धती येथे उपयोगी पडते. काठीच्या टोकाला ठळक रंगाचा चेंडू बसवून तो प्राण्यासमोर धरतात. प्राण्याने त्याला नाक लावले की थोडे अन्न चेंडूजवळच चिमट्याने देतात. काही दिवसांत चेंडू ही अन्नाची खूण होते. पाणी बदलणे, सफाई इ. कामांच्या वेळी चेंडू दाखवीत नाहीत व अन्नही देत नाहीत. प्राणी पुढे सरकल्यास पुठ्ठ्याचा तुकडा मध्ये धरून त्याला हळूच बाजूस करतात. चेंडूवाचून आलेला हात म्हणजे अन्न नव्हे, हे त्याला कळू लागते. या शिक्षणात घरातील सर्वांनी एकच पद्धत पाळली पाहिजे. एकाने काठीने व दुसऱ्याने बोटांनी भरविल्यास सारे श्रम वाया जातात. हात वरून खाली न नेता बाजूने न्यावा. वरून येणारी सावली शिकारी पक्ष्याची असते आणि तिला मिळणारा प्रतिसाद भीतीचा असतो.

सरडा दुसऱ्या पेटीत हलवून तेथे खाऊ घालावा, असा सल्ला काही पाळणारे देतात. लहान जातींत याने फारसे बिघडत नाही. मोठ्या जातींत मात्र खाण्याने उत्तेजित झालेला प्राणी लगेच उचलावा लागतो व पोटभर खाल्लेला सरडा ताणामुळे अन्न ओकतो, म्हणून ही रीत प्रस्तुत लेखकास श्रेयस्कर वाटत नाही.

दक्षता घेऊनही चावा बसल्यास हात हिसडून घेऊ नये. त्याने जखम फाटते व सरड्याचे दातही मोडतात. हात प्राण्यासह जमिनीवर टेकवून स्थिर ठेवल्यास तो बहुधा आपोआप सोडतो. घोरपड आणि इग्वाना यांच्या गटांतील काही जातींच्या तोंडात विषसदृश प्रथिने स्रवणाऱ्या ग्रंथी असतात, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडले गेले. मात्र पाळीव जातींच्या चाव्यात जंतुसंसर्ग हाच अधिक मोठा धोका असतो. जखम साबण व वाहत्या पाण्याने काही मिनिटे धुवावी, धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी आणि जखम खोल असल्यास वैद्यास दाखवावी. निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून त्याला, त्याच्या थाळीला किंवा चिमट्याला हात लावल्यावर हात धुवावेत, ही भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मूल असलेल्या घरात सरीसृप पाळू नये.