वेळासच्या किनाऱ्यावर पाहुणे म्हणून जा!

गहू-हरभरा खळ्यावरून घरात आला, की घाटावरच्या शेतकऱ्याला चार दिवस उसंत मिळते. मुलांनी समुद्र पाहण्याचा हट्ट धरलेलाच असतो. मग आपण गर्दीच्या चौपाटीवर जातो, भेळ खातो, माणसांची डोकी पाहतो आणि परत येतो. समुद्र पाहायचा राहूनच जातो! यंदा वाट थोडी वाकडी करा. महाडवरून मंडणगडला आणि तेथून वेळासला चला.

रत्नागिरी जिल्ह्यातले हे लहानसे गाव म्हणजे नाना फडणविसांचे मूळ गाव. जवळच सावित्री नदीच्या मुखावर बाणकोटचा किल्ला आहे. गावात नारळी-पोफळीच्या वाड्या, पुढे सुरूची झाडे आणि मग मोकळी वाळू. चौपाटीचा बाजार इथे नाही.

पण हा किनारा शांत आहे तो ओसाड पडला म्हणून नव्हे, बरे का! गावाने तो राखला आहे. कोणासाठी? कासवांसाठी.

थंडीच्या दिवसांत समुद्री कासवाची मादी रात्री वाळूवर येते. हातभर खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. आपली कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसते. इथे ऊब देण्याचे काम वाळूच करते. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिले बाहेर पडतात. गंमत अशी, की वाळू जास्त तापली तर माद्या अधिक निपजतात, थंड राहिली तर नर अधिक.

पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत, उरलेली कोल्ही-कुत्री खात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ मध्ये इथे काम सुरू केले आणि गावकऱ्यांनी ते आपले मानले. पहाटे किनाऱ्यावर फिरून घरटी शोधायची, अंडी कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात ठेवायची आणि पिले निघाली की त्यांना पाण्याकडे सोडायचे. पुढे ती पाहायला माणसे येऊ लागली. त्यांची सोय गावानेच आपल्या घरांत केली. पडवीत अंथरूण, पानात आमटी-भात आणि सोलकढी. अंडी विकून एकदाच पैसे मिळत. जपल्यावर दरसाल चार घरांची चूल पेटते. जोडधंद्याचा हा धडा आपणही घेण्यासारखा आहे.

पिले साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात निघतात. निघण्यापूर्वी गावात चौकशी करा आणि मुक्कामाचे ठरवून जा. पिले दिसतीलच असा भरवसा मात्र धरू नका. निसर्गाला वेळापत्रक नसते. अंधारात बॅटरी लावू नका. पिले उजेडाच्या रोखाने चालतात, त्यामुळे दिव्याने ती समुद्राऐवजी गावाकडे वळतात. मुलांना पिले हातात घेऊ देऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. आणलेला कागद, पिशवी, बाटली आपल्याबरोबर परत न्या.

आता सर्वांत महत्त्वाचे. विहिरीत पोहणारा गडी समुद्रात पोहू शकतो, असे समजू नका. ओहोटीचे पाणी पायाखालची वाळू ओढते आणि माणसालाही आत नेते. निवांत किनाऱ्यावर हाक ऐकायलाही कोणी नसते. म्हणून पाणी गुडघ्याच्या वर येऊ देऊ नका आणि पंचांग पाहून जा. कोकणात जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. थोडा मागे-पुढे फरक पडतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असते, तेव्हा अधिक जपा. नक्की वेळ गावकऱ्यांनाच विचारा.

आपल्या उभ्या पिकातून कोणी परका चालत गेला तर आपला जीव कसा तुटतो! वेळासकरांची ती वाळू म्हणजे त्यांचे उभे पीकच आहे. बांधावरून चालावे तसे जपून चाला. मग लाटेकडे धावणारे ते चिमुकले पिलू तुमच्या मुलांना जन्मभर आठवेल.