समोरासमोरची धडक आणि वेगांची बेरीज

समोरासमोरच्या धडकेत दोन्ही गाड्यांचे वेग मिळवायचे, हा समज जालना–देऊळगाव राजा–चिखली रस्त्यावर अपघात झाला की हमखास ऐकू येतो. ताशी 80 किमीने आलेल्या दोन कार धडकल्या, म्हणजे प्रत्येक कार 160ने भिंतीवर आदळली, असे छातीठोकपणे सांगितले जाते. शाळेत संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत घोकून पास झालेली मंडळीही हेच सांगतात. हे साफ चूक आहे.

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, आणि त्याला दिशा असते. सारख्या वजनाच्या दोन कार सारख्याच वेगाने समोरासमोर आल्या, तर एकूण संवेग शून्य. धडकेनंतरही तो शून्यच. कार एकमेकींत रुतून जागीच थांबतात. प्रत्येकीचा वेग 80वरून शून्यावर येतो, भक्कम भिंतीवर 80ने आदळल्यावर येतो तसाच. ऊर्जा दुप्पट असते खरी, पण ती झेलायला गाड्याही दोन असतात. ‘मिथबस्टर्स’ या अमेरिकी कार्यक्रमाने 2010मध्ये हे करूनच दाखवले: ताशी 50 मैलांनी, म्हणजे सुमारे 80 किमीने, धडकवलेल्या दोन्ही कार 50 मैलांनी भिंतीवर आदळलेल्या कारइतक्याच चेपल्या. 100 मैलांनी आदळलेलीचा पार चेंदामेंदा झाला.

खरा धोका वजनातल्या फरकात आहे. 15 टनांचा भरलेला ट्रक आणि 1 टनाची कार, दोन्ही 80ने आली असे धरू. ट्रकचा संवेग 1200, कारचा उलट दिशेने 80, उरले 1120. हे 16 टनांत वाटले की दोन्ही वाहने अडकलेल्या अवस्थेत ट्रकच्या दिशेने 70ने जातात. ट्रकचा वेग जेमतेम 10ने घटला. कार मात्र 80ने पुढे जात होती, ती 70ने मागे ढकलली गेली: 150चा बदल, पापणी लवायच्या आत. वेगांची बेरीज जवळपास खरी ठरते ती इथेच, तीही फक्त लहान गाडीच्या वाट्याला. ट्रकवर बल कमी पडते असेही नाही. दोघांवरचे बल सारखेच असते.

संवेगाबद्दल इतरही गैरसमज आहेत. ब्रेक लावल्यावर तो नाहीसा होत नाही, टायरमार्फत पृथ्वीकडे जातो. देऊळगाव राजाच्याच जिल्ह्यात लोणारचे 1.8 किमी व्यासाचे विवर पाडणाऱ्या अशनीचा संवेगही पृथ्वीनेच घेतला. तिच्या अवाढव्य वस्तुमानापुढे तो नगण्य ठरला. रॉकेट हवेला रेटून पुढे जाते, हेही खोटे: 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 हवा नसलेल्या चंद्रावर इंजिनांच्याच जोरावर वेग कमी करत उतरले. बंदूक आणि गोळी यांचे संवेग सारखे म्हणून ऊर्जाही सारखी, असेही नव्हे. 4 किलोच्या बंदुकीतून सुटलेल्या 10 ग्रॅमच्या गोळीकडे बंदुकीच्या 400 पट गतिज ऊर्जा असते.