तोंड काळं, पण जात अस्सल

शिबा इनूचं पिल्लू घरी आलं की पहिल्या पंधरवड्यातच कुणी तरी जाणकार पाहुणा त्याला उचलून निरखतो आणि निकाल देऊन मोकळा होतो: "क्रॉस दिसतोय. तोंड बघा केवढं काळं!" शिबा म्हणजे इंटरनेटवर गाजलेल्या काबोसूसारखा तांबूस, पांढऱ्या गालांचा कुत्रा, हे मनात पक्कं बसलेलं असतं. समोर मात्र धुरकट अंगाचं, कोळशाच्या पोत्यात नाक खुपसून आल्यासारखं पिल्लू. मग त्याच्यात जर्मन शेफर्डचं रक्त शोधलं जातं आणि ब्रीडरच्या नावानं बोटं मोडली जातात.

दोन महिन्यांचा अस्सल लाल शिबा असाच दिसतो. फसवलेलं कुणी नसतं, घाई झालेली असते.

कुत्र्याच्या केसात रंगद्रव्यं दोनच: काळं-तपकिरी युमेलॅनिन आणि लाल-पिवळं फिओमेलॅनिन. रंगपेशीनं यातलं कोणतं बनवायचं, हे तिच्यावरच्या एमसी१आर या ग्राहक प्रथिनावर ठरतं. ते चालू असेल तर काळं, आणि अगूटी नावाच्या प्रथिनानं त्याला अडवलं तर लाल. ही अडवणूक शरीराच्या कोणत्या भागात आणि केसाच्या वाढीच्या कोणत्या टप्प्यावर होते, यावरून अंगावरची नक्षी ठरते. केस टोकाकडून आधी तयार होतो. त्यामुळे अगूटी जरा उशिरा पोहोचलं की टोक काळं आणि खालचा भाग लाल, असा केस उगवतो. पिल्लाच्या आखूड लवेत ही काळी टोकं दाटीनं दिसतात, तोंडावर सर्वांत जास्त. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून लव गळून मोठेपणीचे केस येऊ लागले की काळेपण विरत जातं, गालांवरचा आणि छातीवरचा पांढुरका पट्टा उघडा पडतो. या पट्ट्याला जपानी लोक 'उराजिरो' म्हणतात. जनुकं जन्माच्या दिवशी होती तीच असतात.

आणि पिल्लू हातात येतं ते नेमकं या काळवंडलेल्या वयात. जपानमध्ये 2021 पासून 56 दिवसांखालची पिल्लं विकायला बंदी आहे, पण शिबा, अकितासह सहा देशी जातींना त्यातून सूट आहे. ब्रीडरनं थेट ग्राहकाला विकल्यास 49 दिवसांचं पिल्लूही चालतं. सात आठवड्यांच्या थोबाडावरून मोठेपणीचा रंग सांगणारा एक तर फार अनुभवी असतो, नाही तर विक्रेता.

काही विक्रेते हा गैरसमज उलटा वापरतात. शिबात काळे-पांढरे-लाल केस मिसळलेला 'सेसमी' हा रंग दुर्मीळ, म्हणून महाग. काळपट लाल पिल्लू सेसमी म्हणून खपवलं की वर्षभरात ते मस्त तांबूस होतं आणि जादा मोजलेले पैसे पाण्यात जातात. प्रौढ केस येईपर्यंत 'सेसमी' ही चिठ्ठी पेन्सिलनंच लिहावी.

ज्यांना तरीही शंका आहे त्यांनी आंतरराष्ट्रीय श्वानसंघटना एफसीआयनं काई या जपानी जातीसाठी ठरवलेलं मानक उघडावं. पिल्लं एकरंगी असतात आणि वाढताना त्यांच्यावर पट्टे उमटतात, असं तिथे छापलेलंच आहे. वाढत्या वयाबरोबर रंग बदलतो हे मानक लिहिणाऱ्यांनी मान्य केलं, शेजारच्या काकांनी अजून नाही.

शंकेला थोडी जागा अकितात आहे. अमेरिकन अकितात दिसणारा काळा मुखवटा एमसी१आरच्या वेगळ्या रूपामुळे येतो आणि आयुष्यभर टिकतो. जपानी अकिताच्या मानकात तो चालत नाही. तिथेही निकाल वाढलेल्या कुत्र्यावर द्यायचा असतो, पिल्लावर नाही.

"आईबाप दोघं लाल, मग हे काळं पिल्लू कुणाचं?" हाही नेहमीचा प्रश्न. काळा-तांबूस रंग लालपुढे अप्रभावी असतो. दोघांनी तो लपवून बाळगला असेल, तर प्रत्येक पिल्लाला तो मिळण्याची शक्यता चारात एक. क्रीम रंगाचं गणित असंच, फक्त जनुक वेगळं. तीन-चार पिल्लांच्या वेतात हा हिशेब क्वचितच तंतोतंत जुळतो, त्यामुळे संशय बिचाऱ्या आईवर येतो. मुळात हा लाल रंग भलताच जुना आहे. डॅनिका बॅनाश, टोसो लीब आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन'मध्ये दाखवलं, की त्यामागचं अगूटी जनुकाचं रूप करड्या लांडग्यांपासून वीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या, आता नामशेष झालेल्या एका श्वानकुळीतून आलं असावं.

बाकीचे गैरसमज भराभर. क्रीम शिबा अल्बिनो नव्हे: त्याचे डोळे काळेभोर असतात. तो बहिराही नसतो. कातडीवर आणि आतल्या कानात रंगपेशीच नसल्या तर बहिरेपण येतं, डाल्मेशियनमध्ये दिसतं तसं. क्रीममध्ये पेशी असतात, त्या फक्त केसांत काळं बनवत नाहीत. निप्पो, म्हणजे 1928 मध्ये स्थापन झालेली जपानी श्वान संवर्धन संस्था, क्रीमला प्रदर्शनात मान देत नाही, कारण फिकट अंगावर उराजिरो उठून दिसत नाही. काळा शिबा चावरा असतो, याला पुरावा नाही. अंडी आणि गाजरं चारून लाली चढत नाही. आहारात टायरोसिन, फिनाइलअ‍ॅलनिन ही अमिनो आम्लं कमी पडली तर काळ्या केसांवर तांबूस झाक येते खरी, पण ती उणीव झाली, सौंदर्यप्रसाधन नव्हे.

गालाच्या आतून बोळा फिरवून केलेली डीएनए चाचणी कुत्रा कोणते रंग लपवून आहे ते सांगते. लाल नेमका किती गडद होणार, हे मात्र तिच्यावरून खात्रीनं सांगता येत नाही. त्यासाठी आईबापांचे प्रौढ वयातले फोटो मागून घ्यावेत.