आज्ञावलीच्या मुद्रणासाठी भाषेची व्याख्या

संगणकीय आज्ञावली शोधनिबंधात सुबकपणे छापण्यासाठी लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीत ‘लिस्टिंग्ज’ हे पॅकेज वापरले जाते. त्यास अपरिचित असलेल्या भाषेची व्याख्या वापरकर्त्यास करून देता येते. ही व्याख्या म्हणजे व्याकरण नव्हे. राखीव शब्द, टिपणी आणि अवतरणांतील मजकूर यांच्या खुणा सांगणे एवढेच तिचे कार्य. राखीव शब्दांची यादी सोपी. खरी कसोटी अवतरणचिन्हांची. सी++मध्ये दोन तिरप्या रेघांपासून ओळीच्या अखेरपर्यंत टिपणी असते. परंतु अवतरणांत संकेतस्थळाचा पत्ता आल्यास त्यातील त्याच रेघा टिपणी ठरत नाहीत. अवतरणचिन्हांची नोंद राहून गेली, तर तेथून पुढची सारी ओळ टिपणीच्या तिरक्या टंकात छापली जाते. मूळ आज्ञावली निर्दोष असल्याने कंपायलर ही चूक दाखवत नाही; मुद्रिते तपासतानाच ती पकडावी लागते.