सावजी मटणापुढं कोणती लाल वाइन?

या आठवड्यात लाकडी पिंपांवर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या खेपेला. मोहाडी तालुक्यातल्या करडीहून एका वाचकाचा प्रश्न आलाय आणि तो आधी घ्यायलाच हवा, कारण त्याने गेल्या तीन भागांच्या मुळालाच हात घातलाय. स्टेकबरोबर कॅबर्ने सोव्हिन्यों हे तुम्ही पटवून दिलंत, पण आमच्या झाडीपट्टीत स्टेक खातो कोण? इथं पाहुणा आला की सावजी मटण शिजतं. मग तीच बाटली सावजीपुढं ठेवली तर चालेल का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण नुसत्या नकाराने भागणार नाही. ती बाटली स्टेकपुढं का चालते हे नीट पाहिलं, की सावजीपुढं काय चालेल हेही त्यातूनच निघतं.

लाल वाइनमधलं टॅनिन द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि थोडंफार पिंपाच्या लाकडातून येतं. आपल्या लाळेत जीभ ओलसर, निसरडी ठेवणारी प्रथिनं असतात. टॅनिन त्यांना धरून त्यांचे गोळे करतं, आणि कच्चं टेंभरू चावल्यावर जीभ जशी आवळून येते तशी ती येते. हा तुरटपणा घोटागणिक साचत जातो. पॉल ब्रेस्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात हेच दाखवलं: तुरट द्रवाचे घोट लागोपाठ घेतले तर तुरटपणा चढत जातो, मधूनमधून चरबीदार मांसाचा घास घेतला तर तो आटोक्यात राहतो, आणि उलट बाजूने तोंडातला तेलकटपणाही त्या तुरट घोटाने कमी होतो. स्टेक आणि कॅबर्नेचं जमतं ते या देवाणघेवाणीमुळं. त्यात मिठाची भर पडते, कारण मीठ कडवटपणा दाबतं. म्हणजे ‘लाल मांसाला लाल वाइन’ या नियमाचा आधार मांसाचा रंग नसून चरबी, मीठ आणि आतला रस हा आहे. यातलं एक जरी ताटात कमी पडलं, तरी नियम लंगडा होतो.

आता हा नियम आपल्या ताटाला लावून पाहा. महाराष्ट्रात मार्च २०१५पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळं मुंबई-पुण्याच्या हॉटेलात राज्यातलंच मांस वापरून स्टेक होतो, तो म्हशीच्या मांसाचा. ते गडद रंगाचं आणि कमी चरबीचं असतं. परदेशी पुस्तकांतल्या स्टेकमध्ये स्नायूंच्या धाग्यांत जी चरबीची पांढरी जाळी दिसते, ती त्यात जवळपास नसते. शिवाय आपल्याकडं तो बहुधा पुरता शिजवून मागतात, म्हणजे रसही गेला. अशा कोरड्या घासावर दणकट कॅबर्ने अंगावर येते. बोकडाची गोष्ट आणखी वेगळी. त्याची चरबी स्नायूंत कमी आणि गुर्द्यांभोवती, पोटात जास्त. ती लवकर गोठते. ताट जरा निवलं की कडेला पांढरा थर धरतो आणि तोच टाळूलाही चिकटतो. तो धुवायला टॅनिनइतकाच वाइनचा आंबटपणा उपयोगी. म्हणून मीठ-मिरपूड लावून निखाऱ्यावर भाजलेल्या चापांबरोबर कॅबर्ने-शिराझचं मिश्रण उत्तम जातं, याबद्दल वाद नाही. ग्रोव्हरची ‘ला रिझर्व्ह’ हे त्याचं चांगलं उदाहरण. फ्रान्समध्ये पोयाकचं कोकरू आणि पोयाकचीच वाइन ही जोडी जमते तीही याच हिशेबाने: भाजलेलं मांस, मीठ, आणि तिखटाचा पत्ता नाही.

सावजीत मात्र सगळा डाव तिखटाभोवती फिरतो. हे मुळात हलबा कोष्टी समाजाचं, मागावर बसणाऱ्यांचं जेवण. आणि मोहाडी, आंधळगाव, पवनी ही गावं विणकामासाठीच ओळखली जातात, त्यामुळं करडीकरांना सावजी म्हणजे काय हे मी सांगायला नको. भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, दगडफूल, लाल मिरची, काळपट रस्सा आणि वर बोटभर तर्री. इथं कुणीही जाणकार वाचक मला अडवेल: ‘टॅनिनला चरबी हवी म्हणता ना? मग तर्रीत काय कमी आहे?’ आक्षेप बिनतोड वाटतो, आणि अर्धा खरा आहेही. तर्रीमुळं टॅनिनचा तुरटपणा नक्की कमी होतो. पण मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणजे तिखटाचा मोठा वाटा त्या तर्रीतच उतरलेला असतो. जे तेल टॅनिनला गप्प बसवतं, तेच तिखट जिभेच्या कानाकोपऱ्यात पोचवतं.

त्यात मद्यार्क भर घालतो. जिभेवर उष्णता ओळखणारे जे ग्राहक आहेत, त्यांनाच कॅप्सायसिन चेतवतं. म्हणून तिखट ‘भाजतं’. एरवी ते ग्राहक साधारण ४२ अंश सेल्सिअसच्या पुढं जागे होतात. २००२ साली ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये आलेल्या संशोधनानुसार मद्यार्क हा उंबरठा सुमारे ३४ अंशांपर्यंत खाली आणतो, म्हणजे शरीराच्या नेहमीच्या तापमानाच्याही खाली. तिखटाने आधीच चेतलेल्या जिभेवर १४ टक्क्यांच्या वाइनचा घोट म्हणूनच आगीत तेल ओततो. आणि जीभ पोळली की वाइनमधलं फळ हरवतं; उरतो तो कडवटपणा आणि लाकूड. महागडी, पिंपात मुरवलेली रिझर्व्ह बाटली सावजीपुढं साध्या बाटलीपेक्षा वाईट लागते ती यामुळं. पैसे ज्यासाठी मोजले, तेच नेमकं चवीत येत नाही.

आपल्या राज्यातल्या वाइनच्या बाबतीत हा मुद्दा जास्तच लागू होतो. नाशिककडं एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी आणि साधारण जानेवारी ते मार्च द्राक्षतोडणी असा क्रम असतो. युरोपात द्राक्षं पिकत जातात तशी हवा थंड होत जाते. आपल्याकडं पिकण्याच्या ऐन टप्प्यावर ऊन चढतं. साखर भराभर वाढते, आंबटपणा उतरतो, बियांतलं टॅनिन मात्र पिकायचं मागं राहतं. साखर वाढली की मद्यार्क वाढणार. कॅबर्नेसारख्या जाड सालीच्या, उशिरा पिकणाऱ्या द्राक्षात ही ओढाताण अधिक दिसते. शिराझ आपल्या उन्हाला त्यामानाने बरी सरावली आहे.

मग काही जण म्हणतात, वाइन सोडा, थंडगार बिअर घ्या. बिअरमध्ये मद्यार्क कमी आणि ती थंड, हे दोन्ही फायदे खरे आहेत. पण बुडबुड्यांची झिणझिणी पोळलेल्या जिभेला पुन्हा डिवचते, हेही खरं. आणि बिअरचे जे दोन गुण आपण मान्य केले, ते लाल वाइनकडूनही बऱ्याच अंशी मिळवता येतात. मद्यार्क बाटलीवर छापलेला असतो; तो वाचून १३ टक्क्यांच्या आतली बाटली निवडायची. आणि थंडपणासाठी फ्रिज आहेच. लाल वाइन फ्रिजमध्ये ठेवणं म्हणजे अडाणीपणा, हा समज ज्या युरोपीय घरांतून आला, तिथल्या खोल्या १६ ते १८ अंशांच्या होत्या. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो; तिथं खोलीच्या तापमानाची वाइन म्हणजे काढाच. खुद्द फ्रान्समध्ये बोजोलेसारखी हलकी लाल वाइन १२-१४ अंशांवर पितात. थंडपणाने मद्यार्काची धग कमी जाणवते आणि फळ पुढं येतं. एक धोका आहे: थंडीत टॅनिन जास्त बोचतं. म्हणून फ्रिजचा उपाय कमी टॅनिनच्या वाइनलाच लागू पडतो. कॅबर्ने गार करून ती सावजीला जुळणार नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, की ज्याला जे आवडेल ते त्याने प्यावं, नियम कशाला? कबूल. तिखटाची धग वाढलेलीच आवडते असे लोक आहेत, आणि विदर्भात त्यांची संख्या कमी नसावी. त्यांनी १४ टक्क्यांची शिराझ खुशाल घ्यावी. पण ज्याला वाइनची चवही हवी आणि मटणाचीही, त्याला निवड करावीच लागेल.

तर करडीच्या वाचकासाठी हिशेब असा. रश्श्याचं सावजी असेल तर कोवळी, पिंपात न मुरवलेली, कमी मद्यार्काची शिराझ घ्यावी. बाटली तासभर फ्रिजमध्ये ठेवावी आणि पेला अर्धाच भरावा, म्हणजे वाइन पेल्यात तापत नाही. लाल रंगाचा हट्ट नसेल तर सुलाची झिनफांडेल रोझे चांगलीच गार करून घ्यावी. तिच्यातला किंचित गोडवा तिखटाला लाल वाइनपेक्षा नीट सांभाळतो. सुकं मटण असेल, तिखट बेताचं असेल, तर आंबटपणा राखणारी सांजोवेझे बघावी. अकलूजची फ्रातेल्ली आणि निफाडची रेव्हिलो दोघेही ती करतात. कॅबर्ने आणि रिझर्व्हच्या बाटल्या निखाऱ्यावरच्या चापांसाठी राखून ठेवाव्यात. विकत घेताना दुकानाकडंही लक्ष असू द्या: उन्हाच्या बाजूच्या फळीवर दोन उन्हाळे काढलेली बाटली कोणत्याच मटणाला साथ देत नाही, मग तिच्यावर नाव कुणाचंही असो. नागपूर-भंडाऱ्याकडच्या वाचकांनी वर्षाची खरेदी थंडीतच उरकावी, हे उत्तम.

पिंपं पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर ज्यांच्या घरी सावजी होईल त्यांनी एकाच जेवणात दोन बाटल्या, एक कॅबर्ने आणि एक गार शिराझ, शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात आणि निकाल कळवावा. माझ्या विरुद्ध लागला तरी कळवावा.