बॅटरीची गाडी का अडते?

प्राणिसंग्रहालयात, मोठ्या रेल्वे स्टेशनवर, एखाद्या मोठ्या इस्पितळाच्या आवारात आपण एक उघडी, बुटकी गाडी पाहतो. तिला धूर नाही, घरघर नाही. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बायका, पाय दुखणारे लोक तिच्यात बसून जातात. पुण्याच्या कात्रज येथील प्राणिसंग्रहालयातही अशा गाड्या लोकांना फिरवतात.

ही गाडी मुळात गोल्फ या खेळाची. गोल्फचे मैदान लांबच लांब पसरलेले असते. ते चालून माणूस दमतो. म्हणून अमेरिकेत १९५० नंतर या गाड्यांचा वापर वाढत गेला. त्यावरूनच तिला गोल्फ कार्ट असे नाव पडले.

अशी गाडी चालवून आज कितीतरी लोक पोट भरतात. गाडी अडली की त्यांचा रोज बुडतो. त्यातच कोणी सांगतो, “बॅटऱ्या गेल्या, सगळ्या बदलाव्या लागतील.” बॅटऱ्यांचा पुरा संच म्हणजे हजारो रुपये! आणि पुष्कळदा दोष असतो एका ढिल्या नटाचा. म्हणून दोष कसा हुडकायचा, ते आपण नीट समजून घेऊ.

वीज कोणत्या वाटेने जाते?

गाडीच्या बैठकीखाली बॅटऱ्या असतात. बहुतेक जुन्या गाड्यांत त्या शिशाच्या पत्र्यांच्या आणि तेजाबाच्या असतात. अशी बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली. तिच्या एका कप्प्यातून सुमारे २ व्होल्ट दाब मिळतो. चार कप्प्यांची बॅटरी ८ व्होल्टची. अशा सहा बॅटऱ्या एकीला एक जोडल्या की झाले ४८ व्होल्ट. काही गाड्यांत १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या असतात. काही गाड्या ३६ व्होल्टवरही चालतात.

बॅटऱ्यांतून वीज जाड तारांनी निघते. वाटेत फ्यूज असतो. मग एक मोठा स्विच लागतो. त्याला कॉन्टॅक्टर किंवा सोलेनॉइड म्हणतात. पुढे कंट्रोलर नावाची पेटी किती वीज सोडायची ते ठरवते. शेवटी मोटर फिरते आणि चाके चालतात. किल्ली आणि पायाखालचे पॅडल स्वतः ओझे ओढत नाहीत. ती फक्त हुकूम देतात.

ही एक साखळी आहे. एक कडी तुटली की सगळी साखळी निकामी. म्हणून कोणती कडी तुटली, एवढेच आपल्याला शोधायचे असते.

आधी जीव, मग गाडी

काम सुरू करण्यापूर्वी किल्ली काढा. हँडब्रेक ओढा. चाकाला दगड लावा. हातातली अंगठी, घड्याळ, कडे उतरवून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला, तर तो लालभडक होतो. हात भाजतो, बॅटरी फुटूही शकते. पान्याच्या दांड्याला रबर किंवा चिकटपट्टी गुंडाळलेली असावी.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो एका ठिणगीने भडकतो. तेव्हा जागा मोकळ्या हवेची हवी. तिथे विडी-काडी अजिबात नको.

तेजाब अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धूत राहा आणि तडक दवाखाना गाठा. चष्मा आणि रबरी मोजे घालून काम केले, तर हा प्रसंगच येत नाही.

पहिली पायरी: डोळे

मीटर हातात घेण्याआधी नुसते नीट पाहा. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी खर साचली आहे काय? तार काळी पडली आहे काय? नट हाताने हलतो काय? गाडी नुकतीच चालून आली असेल, तर एखादे टोक बाकीच्यांपेक्षा फार तापले आहे काय? हात लावू नका, वरून जवळ धरून पाहा. ढिल्या जोडणीत वीज अडते आणि तिथेच उष्णता होते.

खर काढायची असेल, तर आधी बॅटरीची झाकणे घट्ट लावा. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासा. मग साध्या पाण्याने धुवा, कोरडे करा, नट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नका.

आता कप्प्यांतले पाणी पाहा. शिशाचे पत्रे बुडालेले हवेत. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाच्या पाण्यातले क्षार बॅटरीला मारतात. तेजाबही घालू नका, कारण उडून गेलेले असते ते पाणी. पाणी चार्ज झाल्यावर भरावे. आधी भरले तर चार्ज होताना ते उतू जाते. पत्रे उघडेच पडले असतील, तर मात्र ते बुडण्यापुरते पाणी आधी घालावे.

दुसरी पायरी: मीटर

गाडी पुरी चार्ज करा आणि काही तास उभी ठेवा. मग प्रत्येक बॅटरीचा दाब निरनिराळा मोजा. भरलेली ८ व्होल्टची बॅटरी सुमारे ८.४ ते ८.५ दाखवते. १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ ते १२.७ दाखवते. बारा व्होल्टवाली १२.२ च्या आसपास आली, तर ती जवळजवळ निम्मी रिकामी समजा.

फक्त सगळ्यांची बेरीज पाहून थांबू नका. एक आजारी माणूस गर्दीत लपतो, तशी एक आजारी बॅटरी बेरजेत लपते. समजा, पाच बॅटऱ्या ८.४ दाखवतात आणि सहावी ६.३. दोन व्होल्टचा फरक म्हणजे तिचा एक कप्पा मेला असावा. मग दोष सापडला!

कधी उभ्या गाडीत सगळ्या बॅटऱ्या सारख्या दिसतात, पण चढावर गाडी दम टाकते. अशा वेळी सपाट रस्त्यावर गाडी थोडी चालवून आणा आणि लगेच पुन्हा मोजा. जी सर्वांत खाली आली, तिच्यावर संशय धरा. हायड्रोमीटर असेल तर प्रत्येक कप्प्याचे तेजाब तपासा. भरलेल्या कप्प्यात आकडा साधारण १.२६५ ते १.२८० येतो. एकाच कप्प्याचा आकडा फार खाली असेल, तर रोग तिथे आहे.

संच नवा असेल तर तेवढी एकच बॅटरी, त्याच जातीची आणि त्याच ताकदीची, बदलावी. संच जुना असेल तर एकटी नवी बॅटरी घालण्यात फायदा नाही. जुन्या बॅटऱ्यांच्या संगतीत तीही लवकर खराब होते.

तिसरी पायरी: कान

बॅटऱ्या ठीक आहेत, तरी गाडी हलत नाही. मग काय करायचे? मोकळ्या जागी बसून किल्ली फिरवा, पुढे-मागे जाण्याचा स्विच नीट लावा, पॅडल हळूच दाबा आणि ऐका. बऱ्याच गाड्यांत “खट्” असा आवाज येतो. तो कॉन्टॅक्टरचा.

खट् आवाज आला नाही, तर हुकूमच पोहोचला नाही. किल्लीचा स्विच, फ्यूज, पॅडलखालचा छोटा स्विच, त्यांच्या बारीक तारा, हे तपासा. काही गाड्या चार्जरची दोरी जोडलेली असताना चालतच नाहीत. तेही पाहा.

खट् आवाज आला आणि गाडी जागची हलली नाही, तर दोष पुढे आहे. कॉन्टॅक्टरची तोंडे जळाली असतील, नाहीतर कंट्रोलर, मोटर किंवा त्यांच्या जाड तारा. हे काम चाके उचलून जाणत्या मेकॅनिकने करावे. आपण त्याला एवढेच सांगावे, “बॅटऱ्या मोजल्या आहेत, हे आकडे. खट् आवाज येतो.” मग कोणी उगाच पुरा संच आपल्या गळ्यात मारत नाही.

दोन साध्या गोष्टी विसरू नका. चाकांत हवा कमी असेल किंवा ब्रेक चिकटत असेल, तरी गाडी जड चालते आणि बोल बॅटरीला लागतो. दुसरे म्हणजे, बॅटऱ्या पार उतरल्या तर पुष्कळ स्वयंचलित चार्जर सुरूच होत नाहीत. चार्जर बिघडला असे लगेच ठरवू नका. मेकॅनिककडून दोन्ही तपासून घ्या.

रोजची सवय

दिवसाचे काम संपले की गाडी चार्जला लावा. रिकामी बॅटरी दिवसेंदिवस तशीच ठेवली, तर पत्र्यांवर कठीण थर बसतो. मग तिची ताकद परत येत नाही. आठवड्यातून एकदा पाणी आणि नट पाहा. महिन्यातून एकदा आकडे वहीत लिहा. लिहिता-वाचता येण्याचा हा रोकडा फायदा आहे. वही पाहिली की कोणती बॅटरी हळूहळू खाली चालली, ते आधीच कळते.

नव्या गाड्यांत लिथियमच्या बॅटऱ्या येऊ लागल्या आहेत. त्यांत पाणी घालायचे नसते. वर दिलेले आकडे त्यांना लागू नाहीत. त्यांची पेटी उघडू नये आणि दुसऱ्या जातीचा चार्जर लावू नये. आग लागण्याचे भय असते.

सांगा पाहू

१. बॅटरीत तेजाब न घालता डिस्टिल्ड वॉटरच का घालायचे?

२. सगळ्या बॅटऱ्यांची बेरीज पाहून का भागत नाही?

३. खट् आवाज आला नाही, तर आधी काय तपासाल?