शकुंतलेच्या इंजिनाची प्रतिकृती : तांबे, डाख आणि वाफ

अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथून एका दिशेस अचलपूर आणि दुसऱ्या दिशेस यवतमाळ गाठणारा अरुंदमापी लोहमार्ग वऱ्हाडात ‘शकुंतला’ या नावाने सर्वपरिचित आहे. वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर आणि तेथून मुंबईस पोचावा, या हेतूने विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन आणि कंपनीने त्याची उभारणी केली. मँचेस्टर येथे १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावू लागले. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. आता या मार्गावरील नियमित वाहतूकही थांबली आहे. मात्र असे इंजिन लहान आकारात, प्रत्यक्ष वाफेवर चालेल असे, पुन्हा घडविता येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तांत्रिक विद्यालये यांच्या दृष्टीने हे काम विचार करण्याजोगे आहे.

शकुंतलेच्या दोन रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर आहे. त्याचा सहावा भाग बरोबर १२७ मिलिमीटर, म्हणजे ५ इंच येतो. वाफेवर चालणाऱ्या छंद-इंजिनांसाठी जगभर जी मापे रूढ आहेत, त्यांपैकीच हे एक. या मापाचे इंजिन मागील बैठ्या गाड्यांवर बसलेली माणसे ओढून नेऊ शकते. लांबी सहापट कमी झाली की पृष्ठभाग ३६ पटींनी आणि वजन व आकारमान २१६ पटींनी घटते. गणिताच्या शिक्षकांना घन आणि वर्ग शिकविण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

सांगाड्याचे काम तुलनेने सोपे आहे. दोन्ही बाजूंच्या पोलादी पट्ट्या एकमेकींना जखडून एकाच वेळी कापतात व छिद्रे पाडतात, त्यामुळे आसांच्या जागा तंतोतंत जुळतात. येथे विद्युत वेल्डिंगचा मोह आवरलेला बरा. पातळ पोलादावर एका बाजूने सलग सांधा ओढला, की तो थंड होताना आकसतो आणि पट्टी वाकते. जेथे वेल्डिंग करावयाचेच, तेथे आधी ठिकठिकाणी टाचे मारून, मग आळीपाळीने समोरासमोरचे तुकडे भरीत जावे. बाकीचे काम रिव्हेट व बोल्ट उत्तम प्रकारे करतात.

खरी परीक्षा बॉयलरची. या मापाचा बॉयलर बहुधा तांब्याचा करतात. तांबे गंजत नाही व उष्णता झपाट्याने वाहून नेते. तांब्याचा पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडविला की मऊ होतो; मग साच्यावर ठेवून हातोडीने त्याच्या कडा वळवाव्या लागतात. ठोकता ठोकता तो पुन्हा कडक होतो, म्हणून पुन्हा तापवायचा. तांबटांच्या आळीत ही गोष्ट कोणालाही नवी नाही.

सांध्यांसाठी मात्र भांड्यांना चालणारा कथलाचा डाख येथे चालत नाही. शिसे-कथलाचा नेहमीचा डाख १८३ अंश सेल्सियसला वितळू लागतो, आणि दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोग्रॅम दाबाची वाफ सुमारे १७० अंशांवर असते. हे अंतर फारच थोडे आहे. अग्निपेटीवरील पाणी क्षणभर कमी झाले तरी ते उरत नाही. म्हणून चांदीचा डाख वापरतात. त्याचे नेहमीचे प्रकार साधारण ६०० ते ७०० अंशांदरम्यान वितळतात, आणि तांबे १,०८५ अंशांपर्यंत टिकते. सांधे अनेक असल्याने आधीच्या सांध्यास अधिक तापमानाचा व नंतरच्यास कमी तापमानाचा डाख देतात, अन्यथा दुसरा सांधा करताना पहिला सुटतो. कॅडमियम असलेला डाख स्वस्त व प्रवाही असला तरी त्याचा धूर विषारी आहे. शाळेच्या कार्यशाळेत तो आणूच नये.

लहान बॉयलर म्हणजे लहान धोका, हा समज मुळातच चुकीचा आहे. वाफेला प्रमाणाचे ज्ञान नसते. अग्निपेटीची १५ सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद सपाट भिंत घेतली, तर वरील दाबाने तिच्यावर सुमारे १,५७५ किलोग्रॅम, म्हणजे दीड टनाहून अधिक भार येतो. मऊ तांब्याची सपाट भिंत तो पेलू शकत नाही. म्हणून तिला बाहेरच्या भिंतीशी जोडणारे आधारखिळे ठराविक अंतरावर बसवावे लागतात, आणि त्या प्रत्येकाचे दोन्ही टोकांचे डाखकाम निर्दोष असावे लागते.

इंजिन सहाव्या भागाचे केल्यावर त्यात मावणारे पाणी सामान्यतः २५ लिटरपेक्षा बरेच कमी असते. बॉयलरविषयक कायद्यात, १९२३ च्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२५ च्या अधिनियमातही, २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे पात्र ‘बॉयलर’ या व्याख्येत येत नाही. म्हणजे निरीक्षक येणार नाही. तपासणीची जबाबदारी संस्थेच्या प्रमुखावर व निदेशकावर येते, आणि ती त्यांनी लेखी स्वीकारावी हे बरे.

चाचणीची पद्धत ठरलेली आहे. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून, आतील सर्व हवा काढून, हातपंपाने कामाच्या दुप्पट दाबापर्यंत न्यावा. पाणी जवळजवळ दबत नसल्याने सांधा फुटला तरी केवळ धार उडते. हीच चाचणी दाबलेल्या हवेने केली तर बॉयलरचे तुकडे गोळ्यांसारखे सुटतील. दाबमापक आधी दुसऱ्या खात्रीच्या मापकाशी ताडून पाहिलेला असावा. दाब काही वेळ स्थिर राहिला, कोठे पाझर नाही व भिंतींना फुगवटा नाही असे आढळले, की तारीख व दाब नोंदवहीत लिहावा.

त्यानंतर वाफेची चाचणी. अग्नी पूर्ण पेटवून, वाफ इतरत्र न वापरता, सुरक्षा झडपा उघडू द्याव्यात. त्या उघडल्यानंतरही दाब कामाच्या दाबाहून दहा टक्क्यांपलीकडे चढत असेल, तर झडपा लहान आहेत असे समजून मोठ्या बसवाव्यात आणि चाचणी पुन्हा घ्यावी.